अल्बममधले निळे झाड

लालबागच्या एका वाचक भगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आले. वडिलांचा इंतकाल होऊन चार महिने झाले आहेत. मागे आई, दोन भाऊ आणि या एक बहीण. तरक्यात एक खोली, बँकेतली थोडी रक्कम आणि पोस्टाच्या तिकिटांचे तीन अल्बम. अल्बमांकडे आजवर कुणी वळूनही पाहिले नव्हते. पण थोरल्या भावाला कुणीतरी सांगितले की, सत्तरच्या दशकातल्या एका रंगीत तिकिटावर झाडाची पाने हिरव्याऐवजी निळी आहेत, म्हणजे पिवळा रंग छापायचा राहून गेला आहे, आणि अशा चुकलेल्या तिकिटाला लाखो रुपये येतात. आता भावाचे म्हणणे असे की, बहिणीने अल्बम घ्यावेत आणि बँकेतल्या रकमेवरचा हक्क सोडावा. भाऊ फसवतो आहे असे भगिनींना वाटत नाही, आम्हालाही वाटत नाही. त्याला मनापासून वाटते की बहिणीचा फायदा होतो आहे. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. तिकीट खरोखर तेवढ्या मोलाचे आहे का? आणि असा व्यवहार करावा का?

पत्रासोबत मोबाइलवर काढलेला फोटो आहे. फोटोवरून रंगाचा निकाल देता येत नाही. खोलीतली ट्यूबलाइट आणि मोबाइलचा कॅमेरा मिळून हिरव्याचे निळे सहज करतात. म्हणून आम्ही या तिकिटावर शिक्कामोर्तब करणार नाही. पण घरातल्या घरात भिंग घेऊन काय पाहायचे ते सांगता येईल, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर उत्तर मिळते.

आधी या छंदाची उलटी रीत समजून घेऊ. बाजारात कापडाला डाग असला, भांड्याला पोचा असला की भाव उतरतो. तिकिटात मात्र छापखान्याचा ऐब असेल तर भाव चढतो. अट एकच: ऐब छापखान्यातच जन्मलेला हवा. तिकीट छापखान्यातून बाहेर पडल्यावर उन्हाने, पाण्याने, हवेने किंवा माणसाच्या हाताने जे झाले तो नुसता बिघाड, त्याला मोल नाही. सारी पारख एवढ्या एका भेदावर उभी आहे.

छापखान्यातला ऐब कसा असतो याचे आमच्या आवडीचे उदाहरण भोपाळ संस्थानचे आहे. नवाब शाहजहान बेगम यांनी १८६८ ते १९०१ भोपाळवर राज्य केले. इंग्लंडमध्ये वोकिंग येथे १८८९ मध्ये बांधलेल्या मशिदीला आजही त्यांचेच नाव आहे. त्यांच्या संस्थानाची तिकिटे दगडी छाप्यावर निघत. मध्यभागी बेगमसाहेबांचे नाव उर्दू लिपीत उठावाने ठोकलेले आणि चौकटीभोवती इंग्रजी अक्षरांत त्यांचा किताब. आता झाले असे की, दगडावर प्रत्येक तिकीट कारागिराने हाताने वेगळे काढले होते. इंग्रजी लिपीचा सराव नसावा. त्यामुळे एकाच शीटवर कुठे ‘बेगम’मधल्या ‘ई’च्या जागी ‘एफ’ आला, कुठे शेवटच्या ‘एम’चा ‘एन’ होऊन ‘बेगन’ झाले, कुठे पहिला ‘बी’च गळून ‘एगम’ उरले. ‘नवाब’मधला एखादा ‘ए’ही सुटला. राज्यकर्त्या बेगमच्या नावाची अशी तऱ्हा झाली, पण तिकिटे पोस्टात चालली आणि आज कॅटलॉगमध्ये ही प्रत्येक चूक वेगळी नोंदलेली आहे.

नोंद का? कारण चूक दगडातच होती. त्या दगडावरून जितकी शीट निघाली, त्या प्रत्येक शीटवर त्याच जागी तीच चूक येणार. अशा चुकीला जागा असते, जोडीदार असतात, पुरावा असतो. उलट, शाईचा एखादा थेंब उडाला, कागदाला घडी पडून मध्ये पांढरी रेघ राहिली, तर ती त्या एका तिकिटापुरती गंमत. संग्राहक अशीही घेतात, पण हौसेने आणि हौसेच्या भावाने. १९२९ च्या हवाई टपालाच्या तिकिटांवर विमानाखालच्या देखाव्यात एका झाडाचा शेंडा गायब असलेला प्रकार आहे. तो ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा येतो, म्हणूनच त्याला नाव मिळाले.

रंगाच्या चुका कशा होतात हे कळायला आपल्या गिरगावचीच आठवण पुरेशी आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये आपला शिळाछापखाना मुंबईत गिरगावात सुरू केला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या रंगीत चित्रांसाठी प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे. तोच कागद एका दगडावरून उचलून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा अनेकदा दाबाखाली जायचा. कागद केसभर सरकला की ओठांचा लाल रंग हनुवटीवर. पुढे दगडाच्या जागी धातूचे पत्रे आणि सिलिंडर आले, तरी तत्त्व तेच राहिले: रंग एकामागून एक बसतात. मग तीन गोष्टी बिघडू शकतात. एखादा रंग जागेवरून सरकतो, एखादा रंग छापायचाच राहतो, किंवा कागद एका खेपेला उलटा जातो.

उलट्या कागदाचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्याच देशाचे आहे. १८५४ चे चार आण्यांचे तिकीट कलकत्त्यात सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत दगडावर छापले गेले. लाल चौकट एकदा, निळ्या रंगातले राणी व्हिक्टोरियाचे मस्तक दुसऱ्यांदा. कुणाच्या तरी हातून दुसऱ्या खेपेला कागद फिरला आणि राणी चौकटीत डोके खाली करून बसली. आज माहीत असलेल्या प्रती तीसच्या आत आहेत. याची नक्कलही भरपूर झाली, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट रंगाच्या दृष्टीने शिकण्यासारखी आहे. अर्ध्या आण्याचे तिकीट आधी शेंदरी रंगात छापायला घेतले होते. विलायतेहून आलेली शेंदरी शाई संपली आणि इथे केलेली शाई दगडाला मानवली नाही. मग अर्धा आणा निळ्या शाईत काढला. म्हणजे शेंदरी अर्धा आणा हा चुकलेला रंग नव्हे, सोडून दिलेला बेत आहे. सिंध प्रांत मुंबई इलाख्यात असताना बार्टल फ्रिअर यांनी १ जुलै १८५२ रोजी काढलेली सिंध डाकची तिकिटेही लाल, पांढरी आणि निळी अशी तीन रूपांत आहेत. लाल तर ठिसूळ लाखेचे, पांढरे तर कागदावर धड दिसतही नसे. तिथेही तीन रंग ही चूक नाही. रंग वेगळा दिसला की ‘एरर’ म्हणण्याची घाई करू नये, ती अशासाठी. हे फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. आजचा पी. डिमेलो रोड एके काळी त्यांच्याच नावाने फ्रिअर रोड होता.

आता निळ्या झाडाकडे येऊ.

सलूनच्या किंवा दवाखान्याच्या काचेला आतून चिकटवलेले जुने पोस्टर आठवा. दोन-तीन उन्हाळ्यांत ते सगळे निळे पडते. पिवळी आणि गुलाबी शाई उन्हात लवकर उडते, निळी आणि काळी तग धरते. हिरवे पान म्हणजे पुष्कळदा निळ्यावर पिवळा. पिवळा उडाला की पान निळे. तिकीट काही दिवस गच्चीवर ठेवले किंवा ब्लीचच्या पाण्यातून काढले की ‘पिवळा रंग सुटलेले दुर्मीळ तिकीट’ तयार. रंग सुटलेल्या तिकिटांत नकली मालाचा सुळसुळाट आहे आणि पिवळा रंग त्यात आघाडीवर आहे. दर वेळी कुणी लबाडीच केलेली असते असे नाही. अल्बम खिडकीशेजारच्या फळीवर उघडा राहिला तरी पुरते.

पारख अशी करावी. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या, त्याच तिकिटाची साधी प्रत शेजारी ठेवा आणि दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, दोन्ही पाहा. साध्या प्रतीवर पिवळा रंग कुठे कुठे आहे ते आधी शोधा: फक्त पानांत नाही, चेहऱ्याच्या रंगात, किनारीत, अक्षरांतही असेल. आता वेगळ्या प्रतीवर त्या सगळ्या जागा तपासा. पाने निळी पण किनार पिवळी, तर पिवळा रंग सुटलेलाच नाही. नकली प्रकरणे इथेच बहुतेक पकडली जातात. भिंगाखाली पिवळ्याचा एक ठिपका जरी दिसला तरी ‘रंग सुटला’ हा शब्द वापरता येत नाही. तो फिका पडला, एवढेच.

मग लाल-गुलाबी रंग पाहा. तोही मरगळलेला असेल तर ऊन लागले आहे. छापखान्यात पिवळा राहून गेला असता तर लालने काय गुन्हा केला होता? तिकिटावर पोस्टाचा शिक्का असेल तर शिक्क्याच्या गडद शाईच्या कडेशी आणि अल्बमच्या पट्टीने झाकलेल्या काठाशी नीट पाहा. झाकलेल्या भागात मूळ रंगाची झाक उरते. कागदाचा पोत बोट न लावता तिरपे धरून पाहा. ब्लीच लागलेल्या कागदाचे तंतू उठतात, त्याची चकाकी जाते, शिक्क्याची शाई तपकिरी होते.

आणि सगळ्यांत मोठा पुरावा शेजाऱ्याचा. कोरी, मागचा गोंद शाबूत असलेली चार तिकिटांची जोड, ज्यात एका बाजूला पिवळा आहे आणि दुसऱ्या बाजूला शाई संपत संपत नाहीशी झाली आहे, असे काही असेल तर छापखान्याची साक्ष मिळाली. पत्रावरून सोडवलेले, शिक्का बसलेले एकटे तिकीट ही सर्वांत कमकुवत साक्ष. भगिनींच्या फोटोतले तिकीट एकटे आहे आणि त्यावर शिक्का आहे. आणि फोटोत का होईना, फुलांचा गुलाबीही फिकाच दिसतो आहे.

उलट दिशेचा बिघाडही असतो. जुन्या नारिंगी आणि लाल शायांत शिशाचे क्षार असत. शहराच्या हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी ते काळवंडतात आणि नारिंगी तिकीट तपकिरी होते. ‘तपकिरी छटेचे दुर्मीळ तिकीट’ म्हणून असा काळवंडलेला माल गळ्यात मारणारे भेटतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो पुन्हा नारिंगी होतो हे खरे, पण तो प्रयोग वडिलांच्या अल्बमवर करून पाहू नये.

बाजारातल्या धान्याच्या ढिगाची हदीस आपल्या घरात बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. त्यावर त्यांनी विचारले की, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. तिकिटांच्या धंद्यात हा प्रसंग वेगळाच होऊन समोर येतो. इथे ओलावा लपवला जात नाही. उलट कोरड्या धान्यावर पाणी शिंपडून ‘हे बघा, खास ओले’ म्हणून जास्त भाव घेतला जातो. पण कसोटी तीच: घेणाऱ्याला जे माहीत असायला हवे ते त्याला सांगितले की नाही. ज्याला माहीत आहे की तिकीट उन्हात ठेवले होते आणि तरी ते ‘एरर’ म्हणून विकतो, त्याने ओले धान्य खाली दडवले. ज्याला खात्री नाही त्याने ‘खात्री नाही’ असे स्पष्ट सांगून विकावे. मटन स्ट्रीटवर किंवा प्रदर्शनात घेताना आपणही पावतीवर तिकिटाचे वर्णन आणि ‘खोटे ठरल्यास परत’ हे दोन शब्द लिहून मागावेत. लिहून द्यायला कां-कू झाली की आपले पाकीट खिशात.

भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे आमचे उत्तर स्पष्ट आहे: बँकेतल्या रकमेवरचा हक्क या तिकिटाच्या भरवशावर सोडू नका. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसियत भागल्यावर जे उरते त्यात आईचा आठवा हिस्सा. बाकीचे पाच भाग करून दोन्ही भावांना दोन-दोन आणि बहिणीला एक. हा हिस्सा खोलीत आहे, रकमेत आहे आणि अल्बममध्येही आहे. वारसांनी राजीखुशीने आपसात अदलाबदल करायला हरकत नसते, पण राजीखुशी म्हणजे काय देतो आणि काय घेतो हे ठाऊक असून दिलेला होकार. ज्या वस्तूची किंमत घरात एकालाही माहीत नाही तिच्या बदल्यात रोख हक्क सोडणे म्हणजे आलिम ज्याला गरर म्हणतात त्या अंधारातला सौदा आहे. तुमच्या मोहल्ल्यातल्या मुफ्तीसाहेबांनाही विचारा. आणि हे उलट बाजूनेही तितकेच लागू आहे. उद्या अल्बममधून खरेच मोलाचे काही निघाले आणि ते ‘रद्दी’ म्हणून एकाने ठेवून घेतले, तर बाकीच्यांचा हक्क त्याच्याकडे राहिला.

म्हणून आधी तिन्ही अल्बमांची पानापानाची यादी करा, सर्वांच्या समोर. मग एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन व्यापाऱ्यांना दाखवा आणि ‘विकत किती घ्याल’ असेच विचारा. कॅटलॉगमधला आकडा हा व्यापारी उत्तम प्रत ज्या भावाने विकेल तो भाव असतो. विकायला गेलेल्या घराला त्याचा एक अंशच मिळतो. निळ्या झाडाबद्दल कुणी अडून बसलेच तर लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीसारख्या संस्थांचे तज्ज्ञ फी घेऊन प्रमाणपत्र देतात. त्या फीचे पैसे घालण्याआधी भिंगाची परीक्षा उरकून घ्या. ठरत नसेल तर अल्बम सामाईक ठेवा. तिकिटांना काही खाऊ घालावे लागत नाही.

यादी करताना निळ्या झाडापेक्षा साध्या तिकिटांकडे लक्ष द्या. नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटे छापली जाऊ लागली. त्याआधी ती लंडनहून येत. पंचम जॉर्जचे एकसारखे दिसणारे तिकीट काळ्या कागदावर पालथे ठेवा: कागदात एकच मोठा तारा दिसला तर लंडनचे, लहान ताऱ्यांची जाळी दिसली तर नाशिकचे. १९५७ मध्ये नवे पैसे आले तेव्हाची भारताच्या नकाशाची मालिका तर घराघरांत सापडते. आधीच्या छपाईत तारे आहेत, १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाचे सिंह. वरून काही फरक नाही. मुलांना हा शोध लावून द्या, सुट्टीची दुपार छान जाते.

१५ ऑगस्ट १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती उलट छापली गेली, पुढे केलेला हात डावा दिसतो. १५ जुलै १९५० ला तो उजवा करून तिकीट पुन्हा काढले. चूक सरकारी, नावाजलेली, पण वर्षभर देशभर चाललेली. त्यामुळे ती स्वस्तात मिळते. दोन्ही प्रती शेजारी लावल्या की पान सुंदर दिसते. त्याच मालिकेत सहा आण्यांवर विजापूरचा गोल घुमट आहे, ज्याच्यावरून १९१३ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या बोरीबंदरच्या जीपीओचा घुमट घेतला. १९४८ च्या गांधीजींच्या तिकिटांवर ‘बापू’ हा शब्द नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत आहे. त्यातले दहा रुपयांचे सापडले तर हुरळून जाऊ नका, त्याची नक्कल फार झाली आहे. मूळ तिकिटे स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्हरने छापलेली आहेत. भिंगाखाली सारखे, बारीक जाळीदार टिपके दिसायला हवेत. लहान-मोठ्या टिपक्यांची फुले दिसली तर ते आजच्या ऑफसेटचे काम.

हैदराबाद संस्थानच्या जुन्या तिकिटांवर इंग्रजी आणि उर्दूसोबत तेलुगू आणि मराठीही आहे. मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या घरांनी जुन्या पत्रांच्या पेट्या जरूर उघडून पाहाव्यात.

एक विनंती मात्र सर्वांना. पाकिटावर चिकटलेली जुनी तिकिटे पाण्यात भिजवून सोडवू नका. पाकीट, शिक्का आणि तिकीट एकत्र असण्यालाच पुष्कळदा जास्त किंमत असते. काही शाया तर पाण्यात विरघळतात. बोटांनी उचलू नका, चपट्या टोकाचा चिमटा पंधरा-वीस रुपयांच्या कामाला येतो असे समजू नका, चांगला घ्या. परळ-लालबागच्या जुन्या खोल्यांत पावसाळ्यात भिंतीला ओल येते. अल्बम भिंतीला टेकवून किंवा एकावर एक आडवे रचून ठेवले की गोंद पकडतो आणि तांबूस ठिपके पडतात. ते उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत पंख्याखाली पाने उलटून हवा द्या. उन्हात नव्हे.